विहिरीतलं मॉस टाकीत कसं जगलं

कौलांवरचं इवल्या पानांचं मॉस असो की पाण्यातला हिरवा थर, आपण सगळ्यालाच शेवाळ म्हणतो; सगळंच पाण्यात जगेल असं वाटलं, तिथंच माझी चूक झाली. साताऱ्यातल्या आमच्या घराच्या कौलांवरचं मॉस मी थेट माशांच्या टाकीत बुडवलं. पंधरा दिवसांत तपकिरी होऊन कुजलं. मग आमच्याच विहिरीत, पाण्यालगतच्या दगडावरचं चिमूटभर आणलं. (कासच्या पठारावरून मात्र काही उचलू नका, ते जपायचंय.) भिंगातून पाहिलं तर पानं दोनच ओळींत, चपटी, पिसासारखी. म्हणजे फिसिडेन्स, ज्याच्या काही जाती पाण्यातही जगतात असं मॉस! स्वच्छ धुऊन सुती दोऱ्यानं काळ्या दगडाला बांधलं; आधी निम्मं पाण्यात, मग हळूहळू पूर्ण. उजेड मंद, पाणी गार. जुनी पानं काळवंडली, तरी हात लावला नाही. सहाव्या आठवड्यात टोकांना पोपटी फुटवा दिसला, तशी मी आईला हाकच मारली.