मृग लागायच्या आधी: दगडी दूर ठेवण्यासाठी गोठ्याची तयारी

आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली की खान्देशात शेतकऱ्याचं सगळं लक्ष कापसाच्या बियाण्याकडे लागतं आणि गोठा मागे पडतो. दगडीची, म्हणजे गायीची कास सुजवणाऱ्या कासदाहाची, खरी लढाई मात्र याच तीन-चार आठवड्यांत जिंकायची असते. ७ जूनच्या आसपास मृग लागतो, काळ्या मातीचा गारा होतो, गाय त्यात बसते आणि शेणातले ई. कोलायसारखे जंतू सडाच्या तोंडातून वर चढतात. मग कास दगडासारखी घट्ट होते, दुधात गाठी येतात आणि सडात अँटिबायोटिकची ट्यूब भरायची वेळ येते. स्टॅफिलोकोकस ऑरियस नावाचा जंतू एकदा कासेच्या मांसात घर करून बसला की अँटिबायोटिक्सही त्याच्यापर्यंत नीट पोहोचत नाहीत. शिवाय औषध चालू असेपर्यंत आणि त्यानंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस दूध डेअरीत घालता येत नाही. म्हणून पैसा आणि मेहनत आधीच, जमिनीवर आणि हातावर खर्च करायची.

पहिलं काम जमिनीचं. मूत आणि पाणी वाहून जाईल असा दहा फुटांना दोन-अडीच इंच उतार आहे का, ते बादलीभर पाणी ओतून पाहा. पाणी जिथे थबकेल तो खड्डा मे महिन्यातच मुरूम टाकून, चोपून भरून घ्या. पावसात भरलेला मुरूम बसत नाही. गोठा मातीचा असेल तर वरची शेणानं काळी पडलेली माती खरवडून काढा आणि नवी भरा. गाय बसते तिथे कोरडी धुतलेली वाळू सगळ्यात चांगली, कारण वाळूत जंतूंना खायला काही नसतं. वाळू मिळत नसेल तर कोरडं पाचट किंवा भुसा चालतो, पण तो रोज बदलावा लागतो, आणि पावसाळ्यात पुरेल एवढा साठा आताच छपराखाली हवा. आठवड्यातून दोनदा चुन्याची भुकटी भुरभुरवा. भुसावळ-जळगावकडे पारा पंचेचाळिसाला टेकतो तेव्हा फवारे लावावेच लागतात. फक्त पाणी पाठीवर पडावं, कासेवर ओघळू नये आणि खालची जागा ओली राहू नये. ओली कास म्हणजे जंतूंना दिलेलं आमंत्रण, मग ती पावसानं ओली होवो की फवाऱ्यानं.

दुसरं काम हातांचं, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं. आपल्याकडे सालदाराचं (वर्षभरासाठी ठेवलेल्या गड्याचं) वर्ष आखाजीला बदलतं, म्हणजे नेमकं पावसाच्या तोंडावर धार काढणारा हात नवा असतो. त्याला पहिल्या दिवशी सोबत बसून शिकवा. अंगठा दुमडून सड ओढत धार काढू नये. त्यानं सडाच्या आतल्या त्वचेला इजा होते. पूर्ण मूठ वळवून, वरून खाली बोटं एकामागोमाग मिटत काढावी. बोटं दुधात बुडवून ओली करायची सवय मोडावी लागेल, ती पिढ्यान्पिढ्यांची असली तरी. नखं कापलेली, हात साबणानं धुतलेले, आणि एका गायीवरून दुसऱ्या गायीकडे जाताना पुन्हा धुतलेले.

धारेचा क्रम असा बसवा. पहिल्या विताच्या (पहिल्यांदाच व्यालेल्या) निरोगी गायी आधी, मग बाकीच्या, आणि ज्यांना आधी दगडी झाली आहे त्या शेवटी. मशीन असेल तरी हाच क्रम. मशीनचे रबर लायनर (सडावर बसणारं रबरी अस्तर) साधारण अडीच हजार वेळा गाय दोहल्यानंतर बदलायचे असतात, आणि तडे गेले तर त्याआधीच. बदलल्याची तारीख भिंतीवर खडूनं लिहा. प्रत्येक सडाच्या पहिल्या तीन-चार धारा काळ्या वाटीत घ्या, जमिनीवर कधीच नाही. काळ्यावर गाठी, पाणचटपणा, रक्ताची छटा लगेच दिसते. कास पूर्ण धुऊ नका. वरचं पाणी ओघळून सडाच्या टोकावर घाण आणतं. सड तेवढे धुवा आणि कोरडे पुसा. एकाच फडक्यानं साऱ्या गायी पुसणं म्हणजे रोग वाटत फिरणं. जुन्या सुती धोतराचे, साडीचे तुकडे करा, गायीला एक याप्रमाणे, रोज उकळून मेच्या उन्हात खडखडीत वाळवा. एवढं ऊन फुकट मिळतं ते वापरून घ्यावं.

धार संपली की सड बुडवायचं औषध: ०.५ टक्के आयोडीन आणि त्वचा मऊ ठेवायला ग्लिसरीन असलेलं तयार टीट-डीप पशुवैद्यकीय दुकानात मिळतं. सडाचा निदान तीन-चतुर्थांश भाग बुडला पाहिजे. नुसता फवारा मारून एक बाजू कोरडी राहते. कपातलं उरलेलं डीप परत बाटलीत ओतू नका, टाकून द्या. वासरू पाजत असाल तर ते पिऊन बाजूला झाल्यावरच बुडवा. नंतर गव्हाणीत ताजा चारा टाका, म्हणजे गाय किमान अर्धा-पाऊण तास उभी राहील. धारेनंतर तेवढा वेळ सडाचं तोंड उघडं असतं. धार काढल्याबरोबर गाय बसली तर आतापर्यंतची सगळी मेहनत वाया जाते.

उन्हाळ्यात नुसता ज्वारी-बाजरीचा कडबा आणि सरकी ढेप यावर गाय राहिली की हिरव्या चाऱ्यातलं ई जीवनसत्त्व कमी पडतं आणि कासेची स्वतःची राखण ढिली होते. मक्याचा मुरघास, लसूण घास, जे जमेल ते थोडं तरी द्या. खनिज मिश्रण रोज, त्यात झिंक, तांबं, सेलेनियम आहे ना, हे पिशवीवर वाचून घ्या. गोचीड आणि माशांचा बंदोबस्तही पावसाआधीच.

दर महिन्याला सीएमटी (कॅलिफोर्निया मस्टायटिस टेस्ट, म्हणजे दुधावरून दगडी ओळखायची) चाचणी करा: चार खणांच्या पात्रात प्रत्येक सडाचं दूध वेगळं, तेवढंच द्रावण, हलकं फिरवायचं. दूध चिकट, जेलीसारखं झालं तर कास आतून बिघडते आहे, बाहेरून दिसो वा न दिसो. सीएमटीचं द्रावण नसेल तर अर्धा लिटर पाण्यात १५ ग्रॅम धुण्याची पावडर विरघळवून त्याच द्रावणानं पाहता येतं. नुकत्याच व्यालेल्या गायीचा चीक मात्र चाचणीला धरू नका, निकाल फसवतो.

विण्याआधी साठ दिवस गाय आटवा. खुराक कमी करा, मग एका दिवशी धार पूर्ण बंद. शेवटच्या धारेनंतर सड बुडवा आणि पुढे पंधरा दिवस रोज नजर ठेवा; मधूनच थोडं काढून पाहायचं नाही. चाचणीत स्वच्छ निघालेल्या गायीला अँटिबायोटिकची ट्यूब लागत नाही. तिच्यासाठी सडाचं तोंड बंद करणारं बिस्मथचं सीलंट डॉक्टरांना विचारा.

कास किंचित गरम लागली, दूध नुकतंच फुटू लागलं, तर राष्ट्रीय डेअरी विकास मंडळ सांगतं तो लेप करा: कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम, चुना १५ ग्रॅम, एकत्र वाटून. सगळं दूध काढून, कास धुऊन, थोडा लेप पाण्यात पातळ करून दिवसातून अनेकदा लावा. पण गायीला ताप चढला, ती चारा सोडते, कास निळसर किंवा थंड पडली तर लेपावर वेळ घालवू नका. डॉक्टरांचा नंबर धारेच्या जागेजवळ भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा आणि नव्या सालदारालाही फोन लावता येईल, एवढं त्याला आजच दाखवा.