पेटीतून आलेली नवी मोटारसायकल जोडताय? या चुका टाळा

स्वस्तातली नवी मोटारसायकल लोखंडी सांगाड्यात बांधून, पुठ्ठ्याच्या पेटीत येते. पुढचं चाक वेगळं, हँडल वेगळं, मडगार्ड, आरसे, फूटरेस्ट, बॅटरी सगळं वेगवेगळं गुंडाळलेलं. सोबत नट-बोल्टची पिशवी आणि बहुतेक वेळा चित्रंही धड न दिसणारं एक पातळ माहितीपत्रक. ती पेटी फोडण्याचा आनंद मला चांगला माहीत आहे. सकाळी उघडलेली गाडी दुपारी उभी राहते, संध्याकाळी रस्त्यावर जाते आणि रात्री मला फोन येतो. क्लच घसरतोय, हँडल जड जातंय, ब्रेक दाबला तर आवाज येतोय. अशा गाड्या मी स्वतःसाठी आणि ओळखीच्यांसाठी बऱ्याच जोडल्या आहेत. चुका दरवेळी त्याच असतात, आणि त्यातल्या बहुतेक एक दिवस थांबायची तयारी नसल्यामुळे होतात.

"ते कंपनीतूनच लावून आलंय"

सगळ्यात मोठी चूक हीच. लोक स्वतः लावलेले बोल्ट मन लावून आवळतात आणि जे आधीच लावून आलेत त्यांना हातही लावत नाहीत. पेटीतली गाडी पाठवण्यासाठी बांधलेली असते. बोल्ट जागेवर आहे म्हणजे तो आवळलेला आहे असं नाही. काही पूर्ण आवळलेले असतात, काही नुसते टेकवलेले, आणि बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात.

माझ्या मावसभावाने अशीच एक गाडी घेतली. चाक, हँडल, बॅटरी त्याने नीट लावलं होतं, त्यात खोट काढायला जागा नव्हती. मी विचारलं, "कॅलिपरचे, म्हणजे ब्रेक पॅड धरून ठेवणाऱ्या भागाचे, बोल्ट बघितलेस का?" तो म्हणाला, "दादा, कॅलिपर आधीच लावलेलं होतं, मी फक्त चाक बसवलं." मी त्याला त्याच वेळी खाली बसवून बोल्ट तपासायला लावायला हवे होते. घाईत होतो, राहून गेलं.

तिसऱ्या दिवशी घरी परतताना फाटकापाशी वळायला त्याने ब्रेक दाबला आणि पुढचं चाक जागीच अडकलं. वेग अगदी कमी होता, म्हणून नडगी सोलवटण्यावर निभावलं. मी गेलो तेव्हा खालचा बोल्ट गायब होता. कॅलिपर वरच्या एका बोल्टवर फिरून तारांमध्ये घुसलं होतं. तीन तारा तुटल्या होत्या, कॅलिपरची पकड तडकली होती. उरलेल्या वरच्या बोल्टला मी हात लावला तर तो दोन बोटांनी फिरला. पाना लागलाच नाही. हेच मोठ्या रस्त्यावर वेगात झालं असतं तर काय झालं असतं, हा विचार मला आजही नकोसा वाटतो.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. गाडी उभी राहिली की एका टोकापासून सुरुवात करतो. एक बोल्ट पूर्ण काढायचा, आटे पुसायचे, परत लावून टॉर्क रेंचने (ठरवलेल्या जोराने आवळता येणाऱ्या पान्याने) आवळायचा, मगच पुढच्या बोल्टकडे जायचं. दोन बोल्ट एकाच वेळी काढत नाही. कॅलिपर, मागचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चक्र), फूटरेस्ट, साइड स्टँड अशा थरथरणाऱ्या जागी निळ्या थ्रेड लॉकरचा, म्हणजे बोल्ट सैल होऊ न देणाऱ्या चिकट द्रवाचा, एक थेंब. लाल लॉकर वापरू नका, तो पुढे तापवल्याशिवाय सुटत नाही. आवळून झाला की बोल्टच्या डोक्यावरून शेजारच्या भागावर पांढऱ्या पेंट मार्करने एक सरळ रेघ ओढतो. बोल्ट जराही फिरला तर रेघ तुटलेली दिसते.

टॉर्क रेंच घ्याच. "माझ्या हाताला अंदाज आहे" म्हणणाऱ्यांनी अॅल्युमिनियममधले आटे घालवलेले मी खूप पाहिले आहेत. स्वस्त गाडीचे बोल्टही मऊ असतात. माहितीपत्रकात आकडा नसेल तर ६ मिलिमीटरच्या बोल्टला साधारण १० न्यूटन मीटर आणि ८ मिलिमीटरच्या बोल्टला २० ते २५ एवढं मी धरतो. इंजिनच्या अॅल्युमिनियममध्ये जाणाऱ्या बोल्टला त्याहून थोडं कमी. आकडा दिलेला असेल तर तोच पाळायचा.

पुढचं चाक: क्रम चुकला की फोर्क अडकतो

फोर्क म्हणजे पुढचं चाक धरणारे सस्पेन्शनचे दोन पाय. चाक बसवताना डिस्क दोन पॅडच्या मधे जायला हवी, दोन्ही बाजूंचे स्पेसर आपापल्या जागी हवेत, आणि स्पीडोमीटरचं गिअर चाकावर असेल तर त्याची खाच फोर्कवरच्या अडणीत बसायला हवी. ती खाच चुकली तर पहिल्याच फेरीत केबल पिळून तुटते. पॅडच्या मधे पाठवताना घातलेली प्लॅस्टिकची पट्टी असते, ती चाक बसवायच्या क्षणापर्यंत काढू नका. पट्टी नसताना उत्सुकतेने ब्रेकचा लिव्हर दाबला तर पॅड एकमेकांना चिकटतात आणि मग त्यांना उचकून वेगळं करत बसावं लागतं.

ॲक्सलचा नट आधी हलकाच लावायचा. गाडी जमिनीवर घेऊन, पुढचा ब्रेक धरून, हँडलवर जोर देऊन फोर्क चार-पाच वेळा खालीवर दाबायचा. त्याने फोर्कचे दोन्ही पाय आपोआप सरळ होतात. मग ॲक्सल नट पूर्ण आवळायचा आणि फोर्कच्या तळाचे चिमट्याचे बोल्ट सगळ्यात शेवटी. उलटं केलं तर एक पाय तिरका अडकतो आणि पुढचं सस्पेन्शन दगडासारखं लागतं. लोक मग फोर्कच्या ऑईलला दोष देतात.

डिस्कवर गंज लागू नये म्हणून तेलाचा थर असतो. ब्रेक क्लीनरने पुसा. नाही पुसला तर पॅड तेल पितात आणि मग ते पॅड फेकण्याच्याच लायकीचे राहतात.

ऑईल

इंजिनमधल्या ऑईलवर माझा अजिबात विश्वास नाही. कधी ते थोडंच असतं, कधी फक्त गंज लागू नये म्हणून घातलेलं पातळ ऑईल असतं, कधी काहीच नसतं. त्यामुळे पहिला स्टार्ट देण्याआधी आहे ते काढून टाकतो आणि नवीन भरतो. "डिपस्टिकवर दिसतंय की" हे कारण मी ऐकून घेत नाही.

मोटारसायकलचंच ऑईल घ्या. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच त्याच ऑईलमध्ये बुडालेला असतो. कारसाठीच्या, इंधन वाचवणाऱ्या पातळ ऑईलमध्ये घर्षण कमी करणारी रसायनं असतात आणि क्लचला तर घर्षणच हवं असतं. डब्यावर जासो (JASO, जपानी मानक) एमए किंवा एमए२ लिहिलेलं असलं की ते ओल्या, म्हणजे ऑईलमध्ये बुडालेल्या, क्लचसाठी चालतं. ग्रेड बऱ्याच छोट्या इंजिनांना १०डब्ल्यू-४० चालते. माझ्या ओळखीच्या एकाने घरात पडलेलं कारचं महागडं ऑईल भरलं होतं. चढावर इंजिन ओरडायचं आणि गाडी जागची हलायची नाही. त्याने केबल ओढून बघितली, क्लच प्लेट बदलल्या, दोन आठवडे घालवले. मी गेलो, फिलर कॅप उघडून वास घेतला आणि विचारलं, "डबा कुठला होता?" ऑईल दोनदा धुऊन बदललं, पण नव्या प्लेटसुद्धा तोवर त्याच ऑईलमध्ये भिजल्या होत्या, त्या पुन्हा बदलाव्या लागल्या.

पहिलं ऑईल लवकर बदला. मी ५० किलोमीटरच्या आसपास बदलतो. काढलेलं ऑईल पांढऱ्या ताटलीत घेऊन उन्हात तिरकं धरा. त्यात बारीक चकाकी तरंगताना दिसते, जणू कुणी चंदेरी रंग ढवळलाय. नवीन पिस्टन रिंग आणि गिअर एकमेकांत बसताना निघालेला तो धातू आहे. पहिल्या वेळी ते स्वाभाविक आहे. बोटाला टोचतील असे तुकडे दिसले तर मात्र गाडी चालवू नका. बऱ्याच छोट्या इंजिनांत ड्रेनच्या झाकणामागे एक स्प्रिंग आणि जाळी असते. झाकण सैल झालं की ती दोन्ही ऑईलबरोबर खाली पडतात. कुठली बाजू वर होती हे आधी बघून ठेवा. परत लावताना ते झाकण पिळू नका, इंजिनच्या केसमधले (बाहेरच्या आवरणातले) आटे गेले की तो खर्च मोठा असतो.

आणि ऑईलची पातळी गाडी सरळ उभी करूनच बघायची. साइड स्टँडवर घेतलेलं माप खोटं असतं.

बॅटरी

सुकी बॅटरी आणि वेगळ्या बाटलीत ॲसिड आलं असेल तर चष्मा आणि हातमोजे घाला, ॲसिड ओता आणि थांबा. प्लेट भिजायला किमान अर्धा तास द्या, मग चार्जर लावा. बॅटरी जितक्या अॅम्पिअर-अवरची, त्याच्या दहाव्या भागाएवढा करंट, म्हणजे ५ अॅम्पिअर-अवरच्या बॅटरीला अर्धा अॅम्पिअर. ॲसिड ओतून लगेच सेल्फ मारणाऱ्यांची बॅटरी चालते, पण अर्धवट भरलेली राहते आणि पुढे कायम कमीच ताकद देते. एवढ्या घाईपोटी नवीन बॅटरी अर्ध्या आयुष्यात का संपवायची, हे मला कधी कळलं नाही. पूर्ण चार्ज झालेली बॅटरी काही तास बाजूला ठेवूनही १२.६ व्होल्टच्या वर दाखवते. बाजूच्या नळीचं टोपण काढायला विसरू नका. जोडताना आधी प्लस, मग मायनस, काढताना उलट.

चेन

चेनच्या लॉकवर एक छोटी क्लिप असते, माशाच्या आकाराची. तिचं बंद तोंड चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला हवं. वरच्या बाजूला चेन पुढे जाते, म्हणून तिथे बंद तोंड पुढे. उलटी बसवली आणि कशाला घासली तर क्लिप उघडी पडते. बसवल्यावर नखाने दाबून ती खाचेत खरंच बसली आहे का ते बघा.

ढिलाई एकाच जागी मोजू नका. चाक फिरवत चेन जिथे सगळ्यात ताठ लागते तिथे मोजा. रस्त्यावरच्या गाडीला बहुधा २५ ते ३५ मिलिमीटर ठेवतात, खडबडीत रस्त्याच्या गाडीला जास्त. स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) खुणांवर स्वस्त गाडीत मी विसंबत नाही. स्विंगआर्म जिथे फिरतो त्या पिव्हटपासून ॲक्सलपर्यंत दोन्ही बाजूंनी टेपने मोजतो.

बाकीच्या, पण सोडून देण्यासारख्या नाहीत

इंजिन आयडलवर ठेवून हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवा. आवाज जराही वाढला तर अॅक्सिलरेटरची केबल कुठेतरी ताणली जातेय. ती मोकळ्या वाटेने नेल्याशिवाय गाडी हलवू नका.

कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, तपासा. पुढचं चाक उचलून हँडल सोडलं तर ते स्वतःहून दोन्ही बाजूंना पडलं पाहिजे, आणि फोर्कचे पाय धरून पुढेमागे हलवले तर खेळ जाणवता कामा नये. जमलं तर उघडून ग्रीस भरा, आत बहुधा नावापुरतंच असतं.

तारांच्या चाकात प्रत्येक तारेवर छोट्या पान्याने टिचकी मारा. खणखणीत आवाज यावा. बद्द वाजणारी तार पाव फेराच आवळायची, एकदम नाही.

गाडी आयडलवर वरखाली होत असेल तर कार्बोरेटरचे जेट बदलायला धावू नका. आधी कार्बोरेटर इंजिनला जोडणारी रबरी नळी (बूट) आणि तिची क्लिप बघा, हवा बहुधा तिथूनच ओढली जाते.

टायरमधली हवा गेजने बघा. नवीन टायर निसरडे असतात, पहिले शंभर-दीडशे किलोमीटर वळणांवर झुकू नका.

सुरूच होत नाही म्हणून फोन करण्याआधी किल स्विच, पेट्रोल कॉक आणि साइड स्टँड बघा.

पहिली फेरी

रिकाम्या मैदानात, हेल्मेट आणि हातमोजे घालून, दहा-पंधरा मिनिटं. पूर्ण अॅक्सिलरेटर नाही आणि एकाच वेगात रेंगाळणंही नाही. वेग सतत कमीजास्त करत राहायचं. ब्रेक हळूहळू, बऱ्याच वेळा दाबायचे, म्हणजे पॅड डिस्कवर बसतात. मग इंजिन पूर्ण थंड होऊ द्यायचं. पूर्ण म्हणजे हात ठेवता येईल एवढं नाही, रात्रभर.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विजेरी घेऊन सगळ्या पांढऱ्या रेघा बघतो. सायलेन्सरच्या पट्टीची आणि मागच्या स्प्रॉकेटची रेघ सरकलेली मला सगळ्यात जास्त वेळा सापडली आहे. सरकलेला बोल्ट नुसता आवळून सोडत नाही. काढतो, पुसतो, लॉकर लावतो, आवळतो आणि नवीन रेघ ओढतो. त्यानंतर टॅपेट, म्हणजे इंजिनच्या व्हॉल्व्हमधली फट, फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) तपासतो, कारण इंजिन आता रात्रभर थंड झालेलं असतं आणि टॅपेटचं माप थंड इंजिनावरच घ्यायचं असतं. मग चेन पुन्हा मोजतो आणि दुसऱ्या फेरीला निघतो.