जपानी क्रियापदं शिकताय? मग या चुका टाळा

एन-फाइव्हच्या, म्हणजे जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेतल्या सगळ्यात सोप्या पातळीच्या, बॅचेस घेते मी, आणि दर बॅचला त्याच त्या चुका तपासून आता खरंच कंटाळा आलाय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे क्रियापदाचा ग्रुप (रूपं कशी बदलतात त्यावरून पाडलेले तीन गट) न बघता 'ते' फॉर्म, म्हणजे 'ते' किंवा 'दे'ने संपणारं रूप, करायला बसणं. क्लासमध्ये बहुतेक वेळा मास फॉर्म, म्हणजे नम्रपणे बोलायचं रूप, आधी शिकवतात, तो सोपा, त्यामुळे सगळे मासवाली यादी पाठ करून मोकळे होतात, आणि 'ते' फॉर्म आला की गाडी अडते. ओकिमास म्हणजे उठणं आणि ओकिमास म्हणजेच ठेवणं, दिसायला डिट्टो, पण उठण्याचं होतं ओकिते आणि ठेवण्याचं ओइते. नुसत्या मासकडे बघून हे कळणारच नाही! डिक्शनरी फॉर्म, म्हणजे शब्दकोशातलं मूळ रूप, बघा, ओकिरु आणि ओकु, लगेच वेगळे. बरं, शेवटी रु दिसला म्हणून डोळे मिटून दुसऱ्या ग्रुपात टाकू नका. परत जाणं या अर्थाचं काएरु, आत जाण्याचं हाइरु, पळण्याचं हाशिरु, ही सगळी पहिल्या ग्रुपातली.

माझी एक विद्यार्थिनी चाकणच्या एका कंपनीत नवीन लागली होती. जपानहून पाहुणे आलेले, शॉपफ्लोअरवर जायच्या आधी हिने एकांच्या हातात नवंकोरं सेफ्टी जॅकेट दिलं, प्लॅस्टिकच्या पिशवीसकट, आणि म्हणाली, 'कोरे ओ कित्ते कुदासाइ.' म्हणायचं होतं हे घाला, झालं हे कापा. ते बिचारे पिशवी उलटीसुलटी करून कुठे कापायचं ते बघतायत, शेजारच्याकडे कटर मागतायत, आणि ही घाबरून तेच वाक्य परत, अजून मोठ्याने. अंगात घालणंही किरु आणि कापणंही किरु, पण घालण्याचं किते, कापण्याचं कित्ते. संध्याकाळी फोनवर रडवेली झाली होती. नियम तिला पाठ होता, रु असेल तर त्ते, चालीवर गाऊन पाठ केलेला. तो पहिल्या ग्रुपापुरताच आहे एवढंच गाळलेलं. म्हणून मला ती 'ते' फॉर्मची गाणी आवडत नाहीत, दहा मिनिटांत आलं असं वाटतं आणि पोरं ग्रुप शिकायचे टाळतात.

दुसरं म्हणजे इंग्रजीतून विचार करणं. अहो, आपल्याकडे 'करून', 'घेऊन'मधला 'ऊन' आहे की! शिते मिमास म्हणजे करून बघतो, मोत्ते किमास म्हणजे घेऊन येतो, शब्दाला शब्द जुळतो. शर्ट घातलाय, किते इमास. लग्न झालंय, केक्कोन शिते इमास. यात इंग्रजी घुसवलं की 'ते इमास' म्हणजे फक्त चालू असलेली क्रिया असं डोक्यात बसतं, मग लग्न झालेला माणूस आत्ता लग्न करतोय असं वाटायला लागतं. मराठीतून सरळ जा.

बाकी छोट्या चुका: इकुचं (जाणं) इइते नाही, इत्ते. काउचं (विकत घेणं) नकारी रूप काआनाइ नाही, कावानाइ. आरुचं (असणं) नुसतं नाइ. माहितेय हे शित्ते इमास, पण माहीत नाही म्हणताना शित्ते इमासेन नको, शिरिमासेन.

आणि डिसेंबरची परीक्षा द्यायची म्हणून ऑक्टोबरात फोन करणाऱ्यांना एकच सांगते, जेएलपीटीत सगळे पर्यायवाले प्रश्न, बोलायची परीक्षाच नाही, त्यामुळे पास व्हालही, पण तोंड उघडलं की फॉर्म चुकणार.

माझी सवय जुनी आहे. दोनशे पानी वही, रोज पाच क्रियापदं, डिक्शनरी, 'ते', नाइ, तिन्ही रूपं एका दमात, पाढ्यासारखं मोठ्याने. काकु काइते काकानाइ, नोमु नोन्दे नोमानाइ. त्या मुलीनेही अशीच वही घातली, पहिल्या ओळीत किरु किते किनाइ, त्याच्याच खाली किरु कित्ते किरानाइ.