भरीत पार्टी करायची असेल तर गॅस विसरा

डिसेंबर लागला की पुण्या-मुंबईला गेलेल्या मित्रांचे फोन सुरू होतात, थंडी पडली का रे, वांगी आली का, कधी येऊ, आणि पाच मिनिटं गप्पा झाल्या की हळूच विचारतात की इकडे फ्लॅटमध्ये गॅसवर जाळी ठेवून केलं तर जमेल का. पोट भरेल भो, पण मग त्याला भरीत पार्टी म्हणू नका. आमच्या जळगावकडे भरीत पार्टी म्हणजे थंडीत शेतात आग पेटवून वांगी भाजायची, ठेचायची आणि सगळ्यांनी मिळून तिथेच जेवायचं. दरवर्षी तेच तेच फोनवर सांगून कंटाळलो म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय.

आधी कधी करायची ते. दिवाळी झाली की संक्रांतीपर्यंत कधीही करा. घरातली जुनी माणसं चातुर्मासात वांगं खात नाहीत, ती चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवूनच सुरू करतात, आमची आजी तर त्याआधी वांग्याकडे बघायचीही नाही. पण धार्मिक सोडा, शेतातलं गणितही तेच आहे, पावसाळ्यात लावलेली वांगी दिवाळीच्या मागेपुढे तोडायला येतात आणि थंडीत फळ कसं चमकदार, गुबगुबीत, कमी बियांचं मिळतं. उन्हाळ्यात तेच झाड कडवट आणि बियाळ फळ देतं. आणि आमच्याकडच्या उन्हात शेकोटीजवळ बसायचं म्हणजे शिक्षाच, 44-45 डिग्रीत कोण आग पेटवेल. तोच जळगाव जिल्हा डिसेंबर-जानेवारीत रात्री 10 च्या खाली जातो. केळीवाले तेव्हा टेन्शनमध्ये असतात, कारण एवढ्या थंडीत केळीची वाढ थांबते, पानं पिवळी पडतात, घड नीट निसवत म्हणजे बाहेर पडत नाही, मग रात्री बांधावर ओला-सुका कचरा पेटवून बागेत धूर करतात. म्हणजे एका बांधावर काळजीचा धूर आणि दुसऱ्या बांधावर भरताचा, आणि कधीकधी दोन्ही धूर एकाच माणसाचे असतात.

आता वांगी. यात तडजोड करू नका, बाकी सगळ्यात केली तरी चालेल. काळी-जांभळी वांगी आणायची नाहीत. भरताचं वांगं म्हणजे फिक्कट हिरवं, पांढरट झाक असलेलं, मोठं, एकेक पाव-अर्धा किलोचं तर सहज आणि कधी त्याहून मोठं. यावल तालुक्यातलं बामणोद यासाठी फेमस आहे, भालोदकडेही मिळतात, आणि जळगावच्या जवळ आसोद्याची वांगी, तेच आसोदा, बहिणाबाई चौधरींचं माहेर. आसोदेवाले आणि बामणोदवाले यांच्यात कोणाचं वांगं भारी यावर वाद लावून द्या आणि निघून जा, संध्याकाळपर्यंत चालतो. जळगावच्या भरताच्या वांग्याला 2016 मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन पण मिळालंय, पण बाजारात टोपलीवर काय तसा शिक्का नसतो, तुम्हालाच बघून घ्यावं लागतं.

बघायचं कसं, तर हातात घेतलं की आकाराच्या मानाने हलकं लागलं पाहिजे, जड लागलं की समजायचं आत बिया भरल्यात. साल ताणलेली आणि चकचकीत, देठ हिरवागार. आणि बारीक भोक दिसलं की ठेवून द्या, आत अळी बसलेली असते, आणि भाजीसारखं हे कापून बघायची सोय नाही, अख्खंच भाजायचंय. माणशी अर्धा किलो धरा. जास्त वाटतं ना? भाजून, सोलून, पाणी उडून बरंच कमी होतं, आणि शेतात थंडीत माणूस घरच्यापेक्षा डबल खातो हे लक्षात ठेवा. 10 जणांना 5 किलो वांगी, पाव किलो लसूण, पाव किलो हिरव्या मिरच्या (तिखट सोसत नसेल तर निम्म्या), किलोभर कांद्याची पात, पाव किलो शेंगदाणे, अर्धी वाटी सुक्या खोबऱ्याचे काप, जिरं, कोथिंबिरीच्या दोन जुड्या आणि अर्धा लिटर तेल. तेलाला घाबरणाऱ्याने कढी पीत बसावं.

जळण म्हणजे कपाशीच्या पऱ्हाट्या, म्हणजे वाळकी झाडं. कपाशी वेचून झाली की शेतात उभ्या वाळतात, उपटून बांधाला रचलेल्या असतात, त्यातले दोन-तीन भारे मागून आणायचे, कोणी नाही म्हणत नाही. तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या, मिळाल्या तरी चालतील. जाड लाकूड नको, कोळसा तर नकोच. का ते सांगतो. जाड लाकडाचा जाळ हळू लागतो, वांगं वरून करपतं आणि आतून कच्चं राहतं नाहीतर नुसतं उकडतं. पऱ्हाटी भसकन पेटते, जाळ चारी बाजूंनी वांग्याला लपेटतो, साल कडकडीत होऊन सुटते आणि मऊ धूर आत मुरतो. तो धुराचा वास गॅसवर कुठून आणणार? काही लोक भरतात कोळशाचा तुकडा ठेवून वर तूप सोडून धुरी देतात, हॉटेलवाले करतात, करोत बापडे.

आगीची जागा मात्र नीट बघा. हे मी अनुभवाने सांगतोय. तीन वर्षांपूर्वी मी फार हुशारी करून काकांच्या शेतात केळीच्या बागेला लागून मस्त आडोशाची जागा निवडली, वारा लागत नाही म्हणून, पऱ्हाट्या रचल्या, पेटवल्या, वांगी लावली, आणि दहा मिनिटांनी वेगळाच घाण वास यायला लागला. वाळलेल्या पानांखाली ठिबक सिंचनाच्या प्लॅस्टिकच्या नळ्या होत्या. दोन नळ्या वितळून काळ्या शेवयांसारख्या झालेल्या. आमचे आप्पा लांबून चालत आले, काही क्षण नुसते बघत राहिले आणि म्हणाले, "काय रे भो, वांगे भाजून राहिला का नळ्या?" बाकी सगळे हसून हसून लोळले, मी दुसऱ्या दिवशी जळगावला जाऊन नवीन नळी आणि जॉइनर घेऊन आलो. तेव्हापासून आग खळ्यात नाहीतर मोकळ्या वावरात, खालचा पालापाचोळा झाडून, आणि शेजारी पाण्याची बादली भरलेली.

वांग्यांना आधी दाभणाने किंवा काट्याने चार-पाच ठिकाणी टोचे मारा, थोडं तेलाचं बोट फिरवा. टोचे मारायचे विसरलात तर आतली वाफ कोंडून वांगं फटाक्यासारखं फुटतं आणि गरम गर कोणाच्या तरी स्वेटरवर जातो. मग पऱ्हाट्यांचा एक थर, त्यावर वांगी जवळजवळ मांडून, वर अजून पऱ्हाट्या, आणि पेटवा. आता इथे एकजण लागतो जो गप्पा मारत नाही. त्याच्याकडे लांब काठी, तो वांगी फिरवत राहणार, जाळ खाली बसला की अजून दोन मुठी काड्या टाकणार. पंधरा-वीस मिनिटं लागतात, वांग्याच्या साइजवर आहे. साल काळी ठिक्कर झाली म्हणून काढू नका, देठाच्या बुडाशी काठी टोचून बघा, गर सगळ्यात शेवटी तिथेच शिजतो. काठी लोण्यात गेल्यासारखी गेली आणि टोच्यांतून पाणी सुंसुं करत यायला लागलं की काढा. त्याच निखाऱ्यात मिरच्या पण भाजून घ्या, जाळीवर ठेवून, नाहीतर शोधत बसाल.

काढलेली वांगी परातीत ठेवून वरून झाकण, पाच मिनिटं. मग सोलायला सगळ्यांना बसवा, देठ धरून साल खाली ओढायची, बोटं भाजतात तर बोटं पाण्यात बुडवा, वांगं नाही. काही जण काळी कुसळं जावीत म्हणून सोललेलं वांगं पाण्यातून काढतात, आमची काकू म्हणते त्यापेक्षा वांगंच नदीत सोडा. थोडी काळी कुसळं राहिली तर राहू द्या.

आता बडगी. ही लाकडाची, एका ओंडक्यात कोरलेली खोलगट भांड्यासारखी असते आणि तिच्यासोबत ठेचायला जाड लाकडी दांडा. आमच्या घरची बडगी आजोबांच्या वेळची, आतून इतकी गुळगुळीत झालीय की हात फिरवला तर वाटतं कोणी पॉलिश केलंय, आणि एका बाजूला चीर गेलीय तिथे तारेने बांधलीय. वर्षभर माळ्यावर पडून असते आणि थंडी आली की खाली उतरते. आधी तिच्यात भाजलेल्या मिरच्या, लसूण आणि खडे मीठ ठेचून घ्यायचं, डोळ्यात पाणी येईपर्यंत, मग एकेक वांगं टाकत जायचं. सगळी एकदम टाकली की दांडा नुसता रुततो. आप्पा ठेचायला बसले की आधी दोन-चार ठोके सावकाश, मग ठप-ठप-ठप एका लयीत, आणि दर पाच-सहा ठोक्यांनी कडेचं बोटाने मध्ये ओढणार. हळूहळू गराचे धागे सुटतात, तेलकट चमक येते, आणि आवाज बदलतो, ठप-ठपचा चप-चप होतो, तिथे थांबायचं. मिक्सर लावलात तर बिया फुटून चिकट लगदा होतो, बाळाला भरवतात तसा. बडगी नसेल तर जाड बुडाचं पातेलं आणि लाकडी मुसळी घ्या, वरवंटा घ्या, पण हातानेच ठेचा.

फोडणी सोपी आहे. कढईत तेल चांगलं तापवून जिरं, शेंगदाणे लालसर, खोबऱ्याचे काप, उरलेला लसूण, मग चिरलेली कांद्याची पात, ती जरा बसली की भरीत टाकून पाच मिनिटं परता, वरून कोथिंबीर. हळद नाही, टमाटा नाही, गरम मसाला नाही. कोणी पाहुणा टमाटा घेऊन आला तर तो चिरून कांद्यासोबत ताटात वाढा. थोडं ठेचलेलं भरीत फोडणी न देता बाजूला ठेवा, त्यात कच्ची पात आणि वरून कच्चं तेल, हे कच्चं भरीत मला तर फोडणीच्यापेक्षा जास्त आवडतं, पण घरात असं म्हणणारा मी एकटाच आहे.

सोबत कळण्याची भाकरी, नाहीतर पुऱ्या. कळण्याचं पीठ आधीच दळून ठेवा, चार भाग ज्वारी, एक भाग सालासकट अख्खे उडीद आणि मीठ, गिरणीवाल्याला जरा भरडच दळायला सांगा. उडदामुळे पीठ चिकट येतं, भाकरी थापायला सोपी, नवशिक्याचीही फाटत नाही, फक्त जाड ठेवा आणि चुलीच्या तोंडाशी उभी करून शेका. वाढायला केळीची पानं, आमच्याकडे ती विकत आणावी लागत नाहीत. कांदा, मुळा, काकडी, पिकलेली केळी, आणि कोणीतरी जिलेबी आणतोच. भरीत आणि जिलेबी हे कॉम्बिनेशन बाहेरच्यांना पटत नाही, एकदा खाऊन बघा.

बाहेरचे पाहुणे असतील तर दुपारी फैजपूरला फिरवून आणा, बामणोदपासून जवळच आहे. 1936 च्या डिसेंबरच्या शेवटी काँग्रेसचं अधिवेशन तिथे भरलं होतं, खेड्यात भरलेलं पहिलं, नेहरू अध्यक्ष होते. तारखा बघा, ऐन भरताचा सीझन. संध्याकाळी पाचला शेतात परत या आणि आग पेटवा, अंधार पडेपर्यंत वांगी भाजून होतात आणि थंडी सुरू व्हायला जेवण तयार.

जेवण झालं की निखाऱ्यांवर पाणी ओतू नका लगेच. त्यात रताळी पुरा, ओल्या हरभऱ्याच्या डहाळ्या वरून धरा, घाटे तडतडले की राखेतून निवडून खायचे, तोंड काळं होतं तर होऊ द्या. ज्यांच्या शेतातल्या पंपाला रात्रीची लाईट असते ते बारा वाजता उठून गव्हाला पाणी द्यायला जातात, कानाला मफलर, हातात बॅटरी, आणि बाकीच्यांची बडबड तशीच चालू. झोपायला जाताना मात्र आग पूर्ण विझवा, माती टाका, एकदा राखेत काठी फिरवून खात्री करा.

उरलेलं भरीत सकाळी गार भाकरीसोबत खा, गरम करायची गरज नाही, रात्रभरात मुरून अजून चांगलं लागतं. आणि बडगीला साबण लावू नका, नुसत्या गरम पाण्याने चोळून धुवायची, सावलीत वाळवायची आणि तेलाचा हात फिरवून ठेवायची. मागच्या वर्षी माझ्या एका मित्राने मदत म्हणून भांड्याच्या साबणाने घासून काढली, काकू त्याला काही बोलली नाही, पण या वर्षी त्याचा फोन आला तर म्हणे, "येऊ दे त्याला, भाकरी वाढते, बडगीजवळ तेवढा जाऊ देऊ नको."