१३ पावलं की १५? ४०० मीटर हर्डल्सचा हिशेब

दोन हर्डलच्या मधे १३ पावलं टाकायचं खूळ आधी डोक्यातून काढा. ते लावलं ४०० मीटर हर्डल्सचा अमेरिकन धावपटू एडविन मोझेसने. गडी दहाही हर्डल १३ पावलांच्या लयीत घ्यायचा आणि १९७७ ते १९८७ या काळात सलग १२२ शर्यती जिंकला. पण त्याची टांग लांब होती आणि शेवटपर्यंत ती तशीच पडेल इतका दमही होता. माझ्याकडे येणारी पोरं त्याची पावलं मोजतात, दम मोजत नाहीत.

दोन हर्डलमध्ये अंतर ३५ मीटर. उडी साधारण दोन मीटर आधी सुटते, पलीकडे पाय सव्वा मीटरवर टेकतो. धावायला उरले पावणेबत्तीस मीटर. १३ पावलं बसवायची तर प्रत्येक पाऊल २.४४ मीटरचं हवं, १४ ला २.२७, १५ ला २.१२. थकल्यावर तुमचं पाऊल केवढं पडतं? ताजेपणीचं माप इथे उपयोगाचं नाही. आधी ३०० मीटर दमात पळा आणि मग लगेच तीन हर्डल घ्या. कोणाला तरी बाजूने मोबाइलवर चित्रीकरण करायला सांगा. पाय शरीराच्या फार पुढे पडून कंबर खाली बसत असेल, तर पाऊल ओढून टाकताय. हर्डलजवळ बारीक बारीक पावलं पडत असतील, तर जागा उरत नाहीये.

मग स्टॉपवॉच. एका हर्डलपलीकडे पाय टेकला की पुढच्यापलीकडे टेकेपर्यंतचा वेळ लिहून ठेवा. हा वेळ शेवटाकडे हळूहळू वाढणारच. पण मधल्याच एका टप्प्यात अचानक सेकंदाचे तीन-चार दशांश वाढले, तर तिथे पावलं अडखळली म्हणून समजा. १९८४ साली लॉस एंजेलिसला याच शर्यतीत पी. टी. उषाचं कांस्य सेकंदाच्या एका शतांशाने हुकलं. त्या मानाने तीन दशांश म्हणजे लूटच.

१३ वरून थेट १५ वर उतरणं हा मोठा धक्का असतो. मधला १४ चा टप्पा त्यासाठीच. पण सम आकडा आला की पुढच्या हर्डलवर दुसरा पाय पुढे जातो. म्हणून नावडत्या पायाचा सराव रोज, वॉर्मअपमध्येच, कमी उंचीच्या हर्डलवर आणि तोही आधी. शेवटी ठेवला की पोरं टाळतात.

वळणावर हर्डल ओलांडताना डावा पाय पुढे असलेला बरा. लेनच्या आतल्या कडेला चिकटून धावता येतं. उजवा पुढे टाकलात तर मागचा डावा पाय हर्डलच्या आतल्या बाजूने, पट्टीच्या पातळीखालून जाण्याची भीती. पंच थेट बाद करतात. अशांनी हर्डलच्या मध्यावरून जावं, थोडं अंतर वाढलं तरी चालेल.

पावलं कुठल्या हर्डलला बदलायची, हे शर्यतीआधी ठरलेलं असावं. समोरच्या सरळ भागात वारा तोंडावर येत असेल, तर बदल एक हर्डल आधी करा आणि तो कोचला सांगून ठेवा. पहिल्या हर्डलपर्यंतच्या ४५ मीटरची पावलंही पक्की हवीत, कारण तिथे गणित बिघडलं की पुढचं सगळं उधारीवर. दहाव्यानंतरचे ४० मीटर मात्र मोजायचं काही नाही. हात जोरात चालवा, पाय आपोआप मागे येतील.