गेटसमोर परक्याची गाडी: काय करायचं, काय टाळायचं

गेटच्या तोंडाशी कुणीतरी गाडी लावून गेलं आहे आणि वॉचमनलाही मालक ठाऊक नाही. अशा वेळी आधी एवढंच बघा, की गाडी उभी आहे ती जागा कुणाची. सार्वजनिक रस्ता असेल तर काम वाहतूक पोलिसांचं. गाडी कंपाउंडच्या आत असेल तर पोलीस सहसा लक्ष घालत नाहीत. तिथे सोसायटीचे उपविधी आणि सर्वसाधारण सभेचा ठराव चालतो, म्हणून लेखी अर्ज सचिवांकडे द्यायचा.

रस्त्यावरच्या गाडीसाठी मोटार वाहन कायद्याचं कलम १२२ आहे. इतरांना धोका, अडथळा किंवा नाहक त्रास होईल अशी गाडी सार्वजनिक जागी सोडता येत नाही. कलम १७७ प्रमाणे दंड पहिल्यांदा ५०० रुपये, पुन्हा सापडल्यास १,५०० रुपयांपर्यंत. वाहन चालवण्याबाबतच्या २०१७ च्या नियमांत फूटपाथ, झेब्रा क्रॉसिंग, बसथांबा, शाळा-रुग्णालयाचं प्रवेशद्वार, कुणाच्याही जागेची ये-जा अडेल अशी जागा, आधीच लावलेल्या गाडीच्या शेजारी दुसरी गाडी, हे सगळं मना आहे. म्हणजे गेटवर 'नो पार्किंग'ची पाटी नसली तरी तुमची तक्रार पक्की. उलट, पाटी स्वतः रंगवली म्हणून समोरचा रस्ता आपला होत नाही. कुंड्या, दगड, फुटकी बादली ठेवून जागा अडवणंही चुकीचंच.

अधिकृत फलकही नीट वाचावा. निळ्या गोलावर एक तिरकी लाल रेघ म्हणजे गाडी लावू नका. दोन रेघांची फुली म्हणजे थांबूच नका, चालक आत बसलेला असला तरी. पी-१, पी-२ असेल तर सम-विषम तारखेप्रमाणे बाजू बदलते. तारीख न बघता केलेली तक्रार वाया जाते.

तक्रार टिकते ती फोटोवर, आणि नेमकी इथेच घाई होते. नुसत्या नंबरप्लेटचा जवळून काढलेला फोटो काहीच सिद्ध करत नाही. गाडी कुठे होती ते त्यात दिसत नाही. तीन फोटो काढा. पहिला दहा-बारा पावलं मागे जाऊन, गाडी आणि अडलेलं गेट एकाच चौकटीत. दुसरा बाजूने, फलक किंवा दुकानाची पाटी दिसेल असा. तिसरा प्लेटचा, अक्षरं वाचता येतील इतका जवळून. रात्री फ्लॅश प्लेटवर आपटून पांढरा डाग पडतो, म्हणून थोडं तिरकं उभं राहा. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेला फोटो पुसट होतो, तेव्हा मूळ फाइलच जोडा.

महाराष्ट्राच्या वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक अ‍ॅपमध्ये नागरिकांना नियमभंग कळवता येतो. जागेच्या रकान्यात फक्त 'स्टेशनजवळ' लिहू नका. रस्त्याचं नाव, इमारत, ओळखीची खूण द्या. रुग्णवाहिका अडली असेल तर अ‍ॅप उघडत बसू नका, थेट ११२ लावा.

'दहा तास झाल्याशिवाय गाडी उचलता येत नाही' असं कुणी सांगितलं तर ते अर्धसत्य आहे. कलम १२७ मधली दहा तासांची अट बेवारस किंवा नुसत्या सोडून दिलेल्या गाडीला आहे. जिथे गाडी लावायला कायद्यानेच मनाई आहे, तिथली गाडी उचलायला किंवा तिला जॅमर लावायला गणवेशातला हद्दीतला पोलीस अधिकारी लगेच परवानगी देऊ शकतो. उचलण्याचा खर्च मालकाकडून, दंडाखेरीज वेगळा. महिनोन्महिने धूळ खात पडलेली, टायर बसलेली गाडी मात्र महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसलाही लेखी कळवा.

'हवा सोडली जाईल' अशी पाटी गल्लोगल्ली दिसते. हवा सोडू नका, काच फोडू नका, आरसा वाकवू नका. नुकसान केलंत तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२४ खाली गुन्हा तुमच्यावर दाखल होऊ शकतो आणि मूळ तक्रार बाजूलाच राहते. वायपरखाली चिठ्ठी ठेवायला हरकत नाही: 'गेट अडलं आहे, कृपया गाडी काढा', वेळ आणि फ्लॅट नंबरसह. चुकून लावून गेलेला माणूस बहुधा तेवढ्यावर गाडी हलवतो.

तीच गाडी वारंवार येत असेल तर वहीत तारीख, वेळ, गाडीचा नंबर लिहीत जा आणि आठ-दहा नोंदी झाल्या की फोटोंसह वाहतूक विभागाला सोसायटीच्या लेटरहेडवर पत्र द्या. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका.