थंडीचे कपडे शिवताना नवा पॅटर्न शोधू नका

थंड देशात राहायला आल्यावर पहिली थंडी तोंडावर आली की शिवणकाम येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक नवख्याच्या डोक्यात कोट घोळायला लागतो. जाडजूड, अस्तर लावलेला, रुंद कॉलरचा. मग अनोळखी पॅटर्न (कपडा बेतायचा कागदी साचा), भारी लोकर, आणि मार्चपर्यंत खुर्चीच्या पाठीवर बाह्यांविना लटकणारं काम. माझं सांगणं उलट आहे. पहिल्या हिवाळ्यात कोट सरळ विकत घ्या. शिवायला घ्या ते हाताखालून अनेकदा गेलेलं बेतणं: जो शर्ट अंगाला नीट बसतो, जो कुर्ता माप न बघता कापता येतो, जी पँट घालून मांडी घालून बसता येतं.

यामागे आळस नाही, हिशोब आहे. इथे आल्यावर कापड नवं, हवा नवी, मशीनसुद्धा बहुधा नवं. त्यात पॅटर्नही नवा घेतला तर काखेत ओढतंय ते मापामुळे की जाड कापडामुळे, हे कळायला मार्ग उरत नाही. पॅटर्न ओळखीचा असला की बिघडलं ते कापडामुळेच, एवढं तरी नक्की समजतं.

आधी थंड मुलखातला दिवस कसा जातो ते लक्षात घ्या. बाहेर उणे 10 अंश, आत 20 ते 22. दिवसातून किती वेळा या दोन हवामानांत ये-जा करता ते मोजून बघा. एकच गोधडीसारखा जाड कपडा शिवलात तर बाहेर छान आणि आत घामाघूम. म्हणून थर हवेत, आणि मधले थर पुढून उघडणारे हवेत. डोक्यातून घालायचा जाड पुलओव्हर दिसायला गोड, पण भरल्या बसमध्ये चष्मा, टोपी आणि मफलर सांभाळत तो काढून बघा. तुमच्या आवडत्या शर्टाचाच पॅटर्न घ्या, जाड फ्लॅनेलमध्ये किंवा हलक्या लोकरीत थोडा ढगळ बेता. झालं ओव्हरशर्टचं जॅकेट. कुर्त्याला वरून खालपर्यंत बटणपट्टी दिली की तोच लांब जाकीट म्हणून चालतो.

आता ढगळ म्हणजे किती, हा खरा प्रश्न. इथे शाळेतलं वर्तुळ कामाला येतं. अंगावर 3 मिलिमीटर जाडीचा थर चढला की घेर त्या जाडीच्या सव्वासहा पट वाढतो, म्हणजे जवळजवळ 2 सेंटीमीटर. आत एक पातळ बनियनवजा थर आणि त्यावर स्वेटर असेल तर नुसत्या जाडीपायीच 3 ते 4 सेंटीमीटर गेले, आणि हालचालीला जागा अजून द्यायचीच आहे. त्यात बाहेरचं कापड स्वतःच जाड असेल तर आतला घेर आणखी कमी होतो, कारण आपण माप सपाट कागदावर घेतो आणि कापड मात्र वळसा घेऊन बसतं. साध्या शर्टाला छातीत 8 ते 10 सेंटीमीटर मोकळीक देत असाल तर स्वेटरवर घालायच्या शर्टाला 14 ते 16 धरा.

पण ही वाढ फक्त बाजूच्या शिवणीत ढकलू नका. बहुतेकांचं गाडं इथेच अडतं. छाती रुंद होते, मुंढा (बाही जोडायचा काखेचा घेर) मात्र तसाच राहतो, आणि हात वर केला की अख्खा कपडा वर चढतो. मुंढा 1 ते दीड सेंटीमीटर खाली घ्या, बाहीचा दंडाजवळचा घेर त्याच प्रमाणात वाढवा, खांदा अर्धा ते 1 सेंटीमीटर बाहेर काढा. बाहीची लांबी 2 सेंटीमीटर जास्त ठेवा, कारण जाड बाही कोपरात वाकली की मनगट उघडं पडतं आणि वारा नेमका तिथूनच शिरतो. गळा मात्र फार मोठा करू नका. मफलर बसेल एवढी जागा पुरे.

कापायच्या आधी चाचणी घ्यायचीच असेल तर सुती कोऱ्या कापडावर घेऊ नका. ते पातळ असतं, काहीच सांगत नाही. जुनं ब्लँकेट घ्या. कच्चा धावदोरा घाला, आत स्वेटर घालून हात पुढे करा, जणू सायकल चालवताय. पाठीत ताण आला तर तिथे जागा द्या.

कापडाबद्दल थोडक्यात. अंगाला लागून असणारा थर मेरिनोच्या, म्हणजे मऊ, बारीक लोकरीच्या, टी-शर्टासारख्या ताणणाऱ्या (निटेड) कापडाचा करा. लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे 30 टक्के ओलावा धरून ठेवते आणि तरी ओली लागत नाही. सुती बनियन घामाने भिजलं की तेच थंड पडतं, त्यामुळे बर्फात चालायचं असेल तर सुती थर आत नको. तुमचा रोजचा टी-शर्टाचा पॅटर्न याला थेट चालतो, फक्त हे कापड टी-शर्टाच्या कापडाइतकंच ताणतं ना ते बघा. मधल्या थराला फ्लीस सोपा. कापलेल्या कडेचे दोरे सुटत नाहीत म्हणून इंटरलॉक लागत नाही, पण तो पॉलिएस्टरचा असतो, गरम इस्त्री लागली की चकाकतो किंवा वितळतो. पँटसाठी कॉर्डरॉय. त्याला लव असते, तेव्हा सगळे तुकडे एकाच दिशेने ठेवून कापा, नाहीतर एक पाय गडद आणि एक फिका दिसेल. मी लव वरच्या दिशेने ठेवते, रंग खोल दिसतो. लवेपायी कापड थोडं जास्त लागतं; मात्र लोकरीची आणि कॉर्डरॉयची रुंदी बऱ्याचदा 140 ते 150 सेंटीमीटर असते, म्हणून अरुंद सुती कापडाच्या सवयीने मीटर मोजलेत तर उगाच जास्त घ्याल.

लोकर कापण्याआधी आटवून घ्या. उष्णता, पाणी आणि घासणं तिन्ही एकत्र आले की लोकर आटते आणि घट्ट होते. वाफेची इस्त्री कापडावर किंचित वर धरून पूर्ण कापडभर फिरवा, मग सपाट ठेवून वाळू द्या. पुढे हातानेच धुणार असाल तर कापडही तसंच एकदा भिजवून काढा. तयार कपड्यावर हा प्रयोग करायची वेळ येऊ नये.

मशीनला फार लाड लागत नाहीत. सुई 90 किंवा 100 नंबरची, ताणणाऱ्या निटेड कापडाला गोल टोकाची. टाका 3 ते साडेतीन मिलिमीटर, कारण लहान टाका लोकरीत बुडून जातो आणि उसवायची वेळ आली तर सापडतही नाही. वरचा थर पुढे सरकत असेल तर फुटाचा दाब थोडा कमी करा. चालता फूट (वॉकिंग फूट, वरचा थरही खालच्याबरोबर पुढे नेणारा) मिळाला तर उत्तम.

खरी मेहनत इस्त्रीपाशी आहे, आणि सुती कपड्यांवर हात बसलेल्यांना हेच पटायला वेळ लागतो. जाड कापडाची शिवण नुसती टीप मारून सपाट होत नाही. मार्जिन (शिवणीबाहेर उरलेलं कापड) उघडा, ओलसर फडकं ठेवा, इस्त्री टेकवा आणि उचला. घासत नेऊ नका, लोकर ताणली जाते. वाफ निघून गेली की लगेच लाकडाचा जाड गुळगुळीत ठोकळा त्यावर दाबून धरा आणि गार होईपर्यंत हलवू नका. एवढ्या एका सवयीने घरी शिवलेलं आणि दुकानातलं यातला बराचसा फरक मिटतो. कॉलर आणि पट्टीच्या टोकांना मार्जिन पायऱ्यांसारखं कापा, एक थर 1 सेंटीमीटर, दुसरा अर्धा. टक्स (आकारासाठी घातलेली चुणी) जाड वाटला तर मधोमध चिरून दोन्हीकडे उघडा.

अस्तराचा प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारतंच. पूर्ण अस्तर लावायलाच हवं असं नाही. बाह्यांना तेवढं लावा, स्वेटरवर कपडा सरकायला तिथेच अडचण होते. पँटला गुडघ्याच्या खालपर्यंत पुढच्या बाजूने अस्तर दिलं तर खाज थांबते आणि ऊबही मिळते. पॉलिएस्टरचं अस्तर हीटरच्या कोरड्या हवेत अंगाला चिकटतं, स्थिर विजेचे चटके देतं. व्हिस्कोस किंवा क्युप्रो (कमी चिकटणारी, गुळगुळीत अस्तराची कापडं) मिळालं तर तेच घ्या, थोडे जास्त पैसे गेले तरी चालतील.

खिसे आणि बटणं ओळखीच्या पॅटर्नवर आहेत तशीच ठेवलीत तर फसाल. हातमोजा घातलेला हात आत जायला खिशाचं तोंड 17 ते 18 सेंटीमीटर हवं. बटणं मोठी, 2 ते अडीच सेंटीमीटरची, आणि शिवताना खाली दोऱ्याची दांडी ठेवायची, नाहीतर जाड पट्टीत ती रुततात. काज आधी तुकड्यावर करून बघा. मशीनचा काज जाड लोकरीवर अडला तर हाताने करा किंवा सरळ मोठी टिचबटणं लावा. पुढच्या पट्टीखाली 4-5 सेंटीमीटर रुंद आतली पट्टी जोडलीत तर बटणांमधून येणारा वारा अडतो. हे काम तासाभराचं आहे, पण बऱ्याच विकतच्या कपड्यांत कंजुसी याचीच असते.

उत्तरेकडच्या देशांत डिसेंबरमध्ये दुपारीच अंधार पडायला लागतो. गडद लोकर घालून रस्ता ओलांडणारा माणूस गाडीवाल्याला दिसत नाही. पाठीच्या आडव्या शिवणीत परावर्तक पायपिंग (शिवणीत बसवायची, प्रकाश परतवणारी बारीक पट्टी) घाला. दिवसा करडी रेघ दिसते, हेडलाइट पडला की चमकते. मुलांच्या कपड्यांना तर घालाच. मुलांच्या बाह्या आणि पायांना आत 3-4 सेंटीमीटरची दुमड ठेवा, पुढच्या वर्षी उसवता येते.

पँटची लांबी घोट्यावर थांबवा. रस्त्यावर टाकलेलं मीठ आणि वितळता बर्फ कापडात वर चढतो, पांढरे डाग राहतात. डाग पडलेच तर वाळल्यावर आधी ब्रश करा, मग कोमट पाण्याचं फडकं.

मूळ पॅटर्नच्या कागदावर मात्र खाडाखोड करू नका. हिवाळ्याचा वेगळा कागद काढा आणि कोपऱ्यात कोणत्या कापडासाठी किती मोकळीक दिली ते लिहून ठेवा. फ्लॅनेलला बसलेलं माप फ्लीसला बसेलच असं नाही.